चौकटीवरचे नाव

गोदाक्का दूध हातात घेण्यापूर्वी माणसाकडे पाहत असत. हे वाक्य लिहायला सोपे आहे. परंतु पौष महिन्यात, सकाळी सहा वाजता, आवळदऱ्याच्या उंचावर त्या पत्र्याच्या खोलीसमोर रांगेत जो उभा राहिला आहे, त्यालाच त्याचा पूर्ण अर्थ कळेल. बोटे काकडलेली असत, मागच्यांची घाई असे आणि खाली घाटात टेम्पोची घरघर सुरू झालेली असे. अशा वेळी गोदाक्का समोर आलेल्या चरवीच्या तोंडावर तळहात ठेवीत, मान वर करीत आणि चरवी आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे शांतपणे पाहत. मग ज्याचा त्याचा नमस्कार ज्याला त्याला देत. कुणाला ‘राम राम’, कुणाला ‘जय हरी’, कांताबाईंना ‘जय भीम’, शमीमभाभींना ‘सलाम, भाभी’. त्यानंतर मात्र सर्वांना सारखेच दोन शब्द : “या, शेका.” खोलीच्या दाराशी तुरीच्या काड्यांची शेकोटी पेटलेली असे. येणारा प्रत्येक जण घरून एक तुराटी आणून तीत टाकी. एवढे झाले की तळहात बाजूला होई आणि दूध मापात पडे.

“आधी मानूस, मग माप,” असे त्या म्हणत. आमच्या महिला दूध संस्थेचे लेखी नियम पुष्कळ होते. पण पाळला जाणारा पहिला नियम हा होता.

एकदा तालुक्याहून एक तपासनीस आले. गृहस्थ घाईत होते. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता थेट दुधात लॅक्टोमीटर सोडण्यासाठी हात पुढे केला. गोदाक्कांचा तळहात कॅनच्या तोंडावर आला.

“राम राम, साहेब. घाट चढून आलाव. या, शेका.”

“बाई, मला वेळ नाही. दूध नासेल.”

“थंडीत दूध न्हाई नासत, साहेब. मानूस नासतंय.”

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब क्षणभर ताठ राहिले, मग शेकोटीशी उकिडवे बसले. अर्ध्या तासाने ते उठले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा पेला होता आणि त्यांनी स्वतःच्या म्हशीची सगळी हकीकत सांगून संपवली होती.

मी आवळदऱ्याच्या प्राथमिक शाळेत रुजू झालो तेव्हा गोदाक्कांनी चाळिशी ओलांडली होती. त्या उंच, काटक आणि सावळ्या होत्या. त्यांच्या विसाव्या वर्षीच पती वारले. कपाळावर बालपणी गोंदलेला एक हिरवा ठिपका मात्र तसाच होता. “कुकू पुसलं, बांगड्या फोडल्या. हे तेवढं कुनाला पुसता आलं न्हाई,” असे सांगताना त्यांना हसू येई. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता. सर्वांना चुकवून एखादी वस्तू जपून ठेवल्याचा आनंद होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. लॅक्टोमीटरवरच्या खुणा त्या रेषांच्या जागेवरून ओळखीत, आणि चूक कधी होत नसे. घरोघर फिरून, एकेका सुनेच्या सासूला समजावून त्यांनी ही संस्था उभी केली होती. पहिली अट अशी, की सभासदाचे नाव बाईचे असेल आणि पैसे बाईच्या हातात पडतील. पहिले वर्षभर पुरुष मंडळी या अटीला हसली. पुढे तीच मंडळी गुपचूप चरव्या वाहू लागली.

माझे अक्षर चांगले होते. हे मी अभिमानाने नव्हे, तर पुढील घटनेचे कारण म्हणून नोंदवतो. संस्थेच्या भिंतीवर लाकडी चौकटीचा एक काळा फळा होता. त्यावर सूचना लिहिण्याचे काम गोदाक्कांनी माझ्याकडे सोपवले. शाळा सुटल्यावर मी खडू घेऊन जाई, त्या तोंडी सांगत आणि मी ते शुद्ध भाषेत उतरवी. त्या सांगत : “पेंड आलीया, घिऊन जावा.” मी लिही : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पशुखाद्य उपलब्ध झाले आहे.’ मी वाचून दाखवले की त्या मान डोलवीत : “तुमच्या पेंडीला लई शिंगं असत्यात, गुरुजी.”

ते दुष्काळाचे सलग दुसरे वर्ष होते. विहिरींचे तळ दिसत होते. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. दिवाळी होताच निम्मे गाव नेहमीप्रमाणे ऊसतोडीसाठी खालच्या मुलखातील कारखान्यांवर गेले होते. मागे म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका आणि म्हशी राहिल्या. त्या म्हशींना जगवीत होती ती टेम्पोतून येणारी पेंड. सकाळी टेम्पो दूध घेऊन जाई आणि वर येताना पेंडीची पोती आणी. टेम्पो बंद पडला असता तर पेंड बंद झाली असती. मग म्हशींना बाजार दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हते. टेम्पो पाठवणाऱ्या तालुक्याच्या दूध संघाने एकच अट घातली होती : तीन कॅन भरत असतील तरच टेम्पो घाट चढेल. त्या हिवाळ्यात आमचे जेमतेम तीन कॅन भरत होते.

संक्रांत जवळ आली. संस्थेने सर्व सभासदांसाठी दूध गाळायच्या स्टीलच्या गाळण्या मागवल्या होत्या. गोदाक्का मला म्हणाल्या, “गुरुजी, सनाचं काईतरी लिवा. गाळन्या मिळनार हायत ते बी सांगा. समद्यास्नी बरं वाटंल असं लिवा.”

मी विचारपूर्वक मजकूर रचला. एका जुन्या निमंत्रणपत्रिकेचा आधार घेतला, कागदावर कच्चा खर्डा केला आणि मग फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिले : ‘सर्व सौभाग्यवती सभासद भगिनींना मकरसंक्रांतीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला. त्या दिवशी संस्थेत हळदीकुंकू होऊन वाण म्हणून गाळणी देण्यात येईल.’ चारही बाजूंनी वेलबुट्टी काढली आणि वाचून दाखवले.

गोदाक्का थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. “म्हंजी कुनाला?” त्यांनी विचारले.

“सर्वांना,” मी म्हणालो.

“हं. अक्षर देखनं हाय,” त्या म्हणाल्या आणि कॅन विसळायला आत गेल्या. मी ती प्रशंसा समजलो.

दुसऱ्या दिवशी रांग तोकडी होती. सालूबाई आल्या नाहीत. शमीमभाभी नाहीत, कांताबाई नाहीत. आणखी चार घरच्या चरव्या नाहीत. तिसरा कॅन निम्म्यावर थांबला. टेम्पोचा ड्रायव्हर दत्ता कॅन हलवून पाहत म्हणाला, “आक्का, ह्यो तर खुळखुळ्यावानी वाजतोय.”

“वाजू दे. आजच्या दिस ने.”

“आज नेतो. उद्या बी चालवून घेतो. परवा बी भरला न्हाई, तर पुन्हा वर येनार न्हाई, सांगून ठिवतो. साहेबाचा हुकूम हाय, माझा न्हाई.”

टेम्पो उतरून गेला. गोदाक्कांनी शेकोटीवर पाणी शिंपडले, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “चला गुरुजी. शाळंला अजून येळ हाय.”

सालूबाईंचे घर गावाच्या वरच्या अंगाला होते. त्याही विधवा होत्या. सून ऊसतोडीला गेलेली आणि घरात दोन म्हशी. त्यांची जीभ साऱ्या आवळदऱ्यात प्रसिद्ध होती. आम्ही गेलो तेव्हा त्या शेणाने अंगण सारवीत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या :

“या गुरुजी. बसा. का आमच्या दारात बसाया बी सौभाग्यवती लागती?”

‘सौभाग्यवती’ या शब्दाने मी काय केले ते मला त्या क्षणी कळले.

“सालू, दूध कुठं घातलंस?” गोदाक्कांनी विचारले.

“खालचा मोटारसायकलवाला येतोय न्हवं दारावर. त्यानं न्हाई इचारलं, नवरा हाय का म्हनून. चरवी घेतली, गेला.”

“माप बघितलं का त्यानं?”

“न्हाई.”

“तुज्याकडं बघितलं?”

सालूबाईंचा हात थांबला. “त्येनं बी न्हाई बघितलं,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा जोरात सारवू लागल्या. “पर फळ्यावर तरी कुठं हाय मी? गाळनी आमच्या दुधाची, आन् वान कुनाला? आक्का, तुला बी घेतलं न्हाई की गं ह्येनं त्यात! आन् तू ह्येला संगं घिऊन फिरतीस!”

गोदाक्का हसल्या. “ह्येला शिकवायचं हाय. सोडून दिला तर तसाच ऱ्हाईल.”

परतताना मी क्षमा मागितली. गाळण्या सर्वांसाठीच होत्या. ‘वाण’ आणि ‘हळदीकुंकू’ हे शब्द मी निव्वळ सवयीने लिहिले होते. कुणाला वगळावे असे माझ्या मनातही नव्हते. हे सर्व मी त्यांना मुद्देसूद सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “दार लावताना कोन ठरवून लावतंय, गुरुजी? सवयीनंच लागतंय.”

माझ्यासारख्या माणसाला चूक दुरुस्त करण्याची एकच पद्धत ठाऊक असते : चुकीचा भाग शोधायचा आणि खोडायचा. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच ओले फडके घेऊन फळ्याशी उभा राहिलो. रांगेतल्या प्रत्येकाला मजकूर वाचून दाखवायचा आणि ज्या शब्दाला आक्षेप निघेल तो पुसायचा, असे मी ठरवले. हळदीकुंकू-वाणाची संपूर्ण ओळ आणि ‘सौभाग्यवती’ हा शब्द मी आधीच पुसला होता.

पहिले आक्षेपक नामदेवआबा. सून कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेल्यामुळे तिच्या नावावरचे दूध हे सत्तरीचे गृहस्थ रोज घेऊन येत. “भगिनी?” त्यांनी मिशीवर हात फिरवला. “मी कुनाची भगिनी, वो गुरुजी?” हशा झाला. ‘भगिनींना’ पुसले.

“आन् त्ये संक्रांत काढा की,” मागून एक म्हातारी म्हणाली. “आदीच दुष्काळ हाय, वरून तुमी संक्रांतीला नाव घिऊन बोलवताव!” ‘मकरसंक्रांतीनिमित्त’ पुसले.

“हार्दिक म्हंजी काय असतंय?” कुणी विचारले. मी समजावून सांगू लागलो, तोवर आबा म्हणाले, “समजावं लागतंय ते कावून लिवायचं?” ‘हार्दिक’ गेले आणि त्याबरोबर ‘शुभेच्छा’ही गेल्या.

“गोड बोला म्हनं! इथं म्हशीला पानी न्हाई, मी कावून गोड बोलू?” ही तक्रार दोघींनी केली. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही संपूर्ण ओळ गेली.

शेवटी फळ्यावर ‘सर्व सभासद’ एवढेच उरले. तेवढ्यात आबांनी नम्रपणे निदर्शनास आणले की ते सभासद नाहीत, सभासद त्यांची सून आहे. मी तोही शब्द पुसला. आता फळ्यावर एकच शब्द राहिला : ‘सर्व’. त्याभोवती माझी वेलबुट्टी.

नेमक्या त्याच वेळी शमीमभाभी पाण्याची घागर घेऊन समोरून जात होत्या. त्या थबकल्या. त्यांना मराठी वाचता येत होते. “ये क्या, गुरुजी? तिळगूळ कावून पुसला?”

“भाभी, कुणाला परके वाटू नये म्हणून...”

“अहो, वर्साला एकडाव मिळतो तिळगूळ. तुमी तो बी पुसला?” त्या खरोखरीच रागावल्या होत्या. “मी तर तीळ भाजून ठिवलेत!”

रांग पोट धरधरून हसली. आबा हसता हसता खोकू लागले. मी फडके हातात घेऊन उभा होतो आणि त्या दिवशी तिसरा कॅन निम्म्याच्याही खाली राहिला. दत्ताने तो टेम्पोत चढवला. नुसते एक बोट वर केले. एकच दिवस उरला होता.

टेम्पो गेल्यावर मी गोदाक्कांना म्हणालो, “आक्का, प्रत्येक शब्दाला कुणी ना कुणी बाहेर राहते. एकही शब्द उरला नाही.”

त्या शेकोटीची राख सारखी करीत होत्या. त्यांनी जे उत्तर दिले ते मी पुढे सत्तावीस वर्षे वर्गात वापरले. “पुसून कुनी मावत न्हाई, गुरुजी. रिकाम्या घरात कोन बसंल? मावायला जागा करावी लागती. सांच्याला या, आन् खडू जास्ती आना.”

संध्याकाळी उन्हे कलत असताना मी गेलो. त्यांनी मला फळ्यासमोर स्टुलावर उभे केले आणि स्वतः दाराच्या उंबऱ्यावर, रांग जिथून सुरू होते तिथे तोंड करून बसल्या. डोळे मिटले. “लिवा,” त्या म्हणाल्या. “वर लिवा, या, शेका. आता खाली लिवा. सालूबाई. शमीमभाभी. कांताबाई...”

त्या नावे सांगत होत्या. रांगेत जो जिथे उभा राहतो त्याच क्रमाने, एकही न चुकता. मिटल्या डोळ्यांसमोर ती रांग त्यांना दिसत असावी, कारण मध्येच त्या म्हणत, “थांबा, हितं द्वारका. ती ठेंगनी हाय, मागं दिसत न्हाई.” मी लिहीत गेलो. सहाव्या-सातव्या नावानंतर त्यांनी ‘रुक्मिण’ म्हटले. ती नामदेवआबांची सून.

“आक्का, ती तर गावात नाही. ऊसतोडीला गेली आहे.”

“ठावं हाय.”

“मग तिला शुभेच्छा कशा पोचतील?”

“चूल इझली म्हनून नाव इझतंय का? म्हस हाय, सासरा हाय, दूध तिच्याच नावानं येतंय. लिवा.”

त्यानंतर त्यांनी कोयत्याला गेलेल्या साऱ्या बायकांची नावे घेतली. फळा काठोकाठ भरला. शेवटच्या ओळीसाठी मला अक्षर बारीक करावे लागले. स्टुलावरून उतरून, दोन पावले मागे जाऊन मी मजकूर तपासला. शिक्षकाच्या नजरेने त्यात मोठा दोष होता.

“आक्का, यात शुभेच्छा कुठे आहेत?”

“नाव घिऊन बोलवलंय, शेकाया जागा दिलीया. आनि काय ऱ्हायलं?” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पोचलो तेव्हा अंधार निवळत होता आणि शेकोटीभोवती नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. फळ्यावर नावे आल्याची बातमी रात्रीतून फिरली होती. जे दूध घालत होते ते आले होते, आणि ज्यांनी सोडले होते तेही, आपले नाव खरेच आहे का ते पाहायला. सालूबाई रिकाम्या हातांनी आल्या होत्या. शेकोटीपासून दूर, खांद्यावरून पदर घट्ट ओढून, ‘मी केवळ बघायला आले आहे’ हे सर्वांना कळेल अशा बेताने त्या उभ्या होत्या.

“वाचा, गुरुजी,” गोदाक्का म्हणाल्या. “समद्यास्नी कुठं वाचाया येतंय?”

मी छडी उचलली, पहिल्या नावावर टेकवली आणि वर्गात हजेरी घेतो त्या आवाजात वाचले : “सालूबाई!”

टेम्पोची घरघर घाटाच्या पहिल्या वळणावर ऐकू येऊ लागली होती. सालूबाई फळ्याकडे पाहत होत्या. वाचता येत नसतानाही त्या छडीच्या टोकाशी असलेल्या चार अक्षरांकडे टक लावून पाहत होत्या.

“ह्येच का ते? माजं?” त्यांनी विचारले.

“हो. हेच.”

“पयलंच?”

“रांगंत तू पयलीच असतीस की गं,” गोदाक्का म्हणाल्या.

“हाय!” सालूबाई एकदम ओरडल्या. शाळेत कधीही न गेलेल्या त्या बाईने अशी हजेरी दिली, की पत्र्यावरचे कावळे उडाले. दुसऱ्याच क्षणी त्या घराकडे पळत सुटल्या. “टेम्पो सोडू नका गं! मी अजून धार काडलेली न्हाई!”

मग मात्र हजेरीला रंग चढला. मी नाव वाचायचो आणि शेकोटीपलीकडून “हाय!” यायचे; कुणाचे लाजत, कुणाचे ठणकावून. शमीमभाभींनी “हाय जी!” म्हटले. ‘रुक्मिण’ आल्यावर मी जरा थांबलो. नामदेवआबांनी घसा साफ केला. “हाय,” ते म्हणाले. “कारखान्यावर हाय. पर हाय.” त्यानंतर त्यांनी मुंडाशाच्या शेवाने बराच वेळ डोळे पुसले आणि धुराला नावे ठेवली.

शेवटचे नाव वाचून होताच द्वारकाबाईंनी नवाच प्रश्न काढला. “गुरुजी, माझं नाव लिवलं ते झ्याक. पर दूध मी देती का? दूध चंद्री देती. तिचं नाव कुठं हाय?” झाले! मग प्रत्येकीची म्हैस पुढे आली. चंद्री, मैना, काळी, राणी. शमीमभाभींच्या म्हशीचे नाव तर बेगम होते. फळ्यावर जागा नव्हती, म्हणून मी नावांच्या मधल्या फटींत म्हशी घुसवू लागलो. माझी सुंदर वेलबुट्टी पुसून तिथे म्हशी बांधल्या गेल्या. इतकी गिचमिड मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती आणि इतके समाधानही मला कधी लाभले नव्हते.

टेम्पो दाराशी आला. दत्ता उतरला. दोन कॅन भरलेले, तिसऱ्यात शमीमभाभी, कांताबाई आणि इतरांच्या चरव्या रिकाम्या झालेल्या. तरीही तो चार बोटे कमी होता. दत्ता एकदा कॅनकडे, एकदा गोदाक्कांकडे पाहत शेकोटीशी उभा राहिला. त्यांनी त्याला विनवणी केली नाही. “राम राम, दत्ता. शेक जरा,” एवढेच म्हणाल्या. तो शेकत असतानाच वरच्या अंगाने सालूबाई धापा टाकीत आल्या. चरवीतल्या दुधावर अजून फेस होता. गोदाक्कांचा हात मात्र सवयीने चरवीच्या तोंडावर आला. त्या सालूबाईंकडे पाहू लागल्या.

“अगं आक्का, ओत की आता!” सालूबाई ओरडल्या.

“राम राम, सालू.”

“राम राम, माझी माय! ओत!”

दूध कॅनच्या गळ्यापर्यंत आले. दत्ताने कॅन हलवून पाहिला. तो वाजला नाही. “आता बोलत न्हाई,” तो म्हणाला आणि फळ्याकडे पाहून पुढे म्हणाला, “माझं नाव न्हाई व्हय त्यात?”

“तू वर येत ऱ्हा. मग बगू,” गोदाक्का म्हणाल्या.

तो हशा ओसरत असताना शमीमभाभी फळ्यावर बोट फिरवीत काही शोधत होत्या. एकदा वरून खाली, मग पुन्हा खालून वर. “गुरुजी,” त्या म्हणाल्या, “आक्काचं नाव कुठंय?”

मी पाहिले. नव्हते. जी बाई डोळे मिटून साऱ्या गावाची नावे सांगत होती, तिला स्वतःचे नाव आठवले नव्हते. आणि ते लिहिणाऱ्या मलाही नाही. एकाच आठवड्यात मी तीच चूक दुसऱ्यांदा केली होती.

“मी कुठं दूध घालती? मी तर घेती,” गोदाक्का गडबडून म्हणाल्या. त्यांना गडबडलेले मी त्या एकाच वेळी पाहिले. पण कोणी ऐकायला तयार नव्हते. फळ्यावर तर तसूभर जागा नव्हती. एखादी म्हैस पुसावी असे मी सुचवताच तीव्र विरोध झाला. तेव्हा सालूबाईंनी तोडगा काढला : “चौकट हाय की रिकामी! तिच्यावर लिवा.” दत्ताने टेम्पोतून कॅनवर क्रमांक घालायचा पांढरा रंग आणि कुंचला आणला. वरच्या लाकडी पट्टीवर, ‘या, शेका’च्या डोक्यावर, मी लिहिले : ‘गोदाक्का’.

मी ते वाचून दाखवले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी कपाळावरच्या हिरव्या ठिपक्याला बोट लावले, का ते ठाऊक नाही, आणि अगदी हळू म्हणाल्या, “हाय.”

संक्रांतीला गाळण्या फळ्यावरच्या क्रमाने वाटल्या गेल्या. आबांनी सुनेची गाळणी घेतली आणि ती येईपर्यंत खुंटीला टांगून ठेवली. शमीमभाभींनी तिळाच्या वड्या आणल्या. “आता घ्या, आन् कुनी पुसून दाकवा,” असे म्हणत पहिली वडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. दूध संघाचा टेम्पो त्यानंतर एकही दिवस चुकला नाही, असे मी म्हणणार नाही. पण दूध कमी पडले म्हणून तो कधी थांबला नाही.

मी आवळदऱ्यात आणखी सहा वर्षे होतो. दर पौषात फळा धुतला जाई आणि नावे नव्याने लिहिली जात. आलेल्या सुनांची वाढत, म्हशींची बदलत. त्या नावांवरूनच गोदाक्का वाचायला शिकल्या. प्रथम त्यांनी ‘सालूबाई’ ओळखले, मग त्यातला ‘बा’ ‘कांताबाई’त सापडला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या माझी शुद्धलेखनाची चूक काढू लागल्या. पुढे माझी बदली झाली. जिथे गेलो तिथे मी वर्गात हजेरी डोळे वहीत घालून घेतली नाही. नाव उच्चारायचे, मान वर करायची, चेहरा पाहायचा आणि मगच पुढचे नाव घ्यायचे. याला थोडा वेळ जास्त लागतो. तो वेळ वाया जात नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

गेल्या श्रावणात गोदाक्का गेल्या. झोपेत, त्रास न होता. मला वेळेवर कळले नाही, म्हणून पौषात मुद्दाम आवळदऱ्याला गेलो. खोलीला आता पक्के छत आहे आणि दूध तपासायला यंत्र आहे. पण दारात तुराट्यांची शेकोटी तशीच होती. सचिवपदी सालूबाईंची नात आहे. ती स्टुलावर उभी राहून ओल्या फडक्याने फळा पुसत होती, कारण नव्या वर्षाची नावे लिहायची होती. डावीकडून उजवीकडे तिचा हात सराईतपणे फिरत होता. वरच्या कडेला आला, ‘या, शेका’ पुसून गेला आणि चौकटीपाशी थांबला. लाकडावरचा पांढरा रंग ताजा दिसत होता. कुणीतरी नुकताच गिरवला असावा.

मी त्या अक्षरांकडे पाहत असल्याचे तिच्या लक्षात आले.

“फळा दर वर्सी पुसतो आमी,” ती म्हणाली. “चौकट न्हाई पुसत.”

मग ती स्टुलावरून उतरली, फडके बाजूला ठेवले, क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि मी कोण हे विचारण्याआधीच शेकोटीकडे हात करून म्हणाली, “या, शेका.”